खुडूक नव्हे, दुखणाईत

आमच्या परसात आलेली पहिली पांढरी कोंबडी तीन दिवस एकाच कोपऱ्यात बसून होती. शेजारच्या काकू कुंपणावरून डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, खुडूक बसलीय ती. अंडी ठेव खाली." मी शहाण्यासारखी दोन गावठी अंडी आणून ठेवलीसुद्धा. चौथ्या दिवशी तिला उचललं तेव्हा पोटाखालचं तूस ओलंचिंब होतं, छातीचं हाड हाताला सुरीच्या पात्यासारखं लागत होतं आणि डाव्या तळव्यावर हरभऱ्याएवढी काळी खपली होती. ती खुडूक नव्हती. तिला उभंच राहता येत नव्हतं.

काकूंची चूक नव्हती. त्यांनी जन्मभर गावठी कोंबड्या पाहिल्या, आणि गावठी कोंबडी खुडूक होतेच. पोल्ट्रीतल्या पांढऱ्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या, कोंबडीचा वंश लेगहॉर्नचा. खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते आणि ते धंद्याला परवडत नाही, म्हणून या जातीतून खुडूकपणा निवड करकरून जवळजवळ घालवून टाकला आहे. तेव्हा पांढरी लेअर दिवसभर बसून दिसली तर ती दुखणाईत आहे असं समजा आणि उचलून बघा. बाकी सगळं त्यानंतर.

अशा कोंबड्या घरात येण्याच्या वाटा ठरलेल्या आहेत. अंडी उतरली की साधारण दीड-पावणेदोन वर्षांच्या कोंबड्यांचा लॉट व्यापारी उचलतो, त्यातल्या दोन-चार कुणी दया येऊन मागून घेतो. घाटात टेम्पो कलंडतो आणि जाळ्यांतून सुटलेल्या कोंबड्या रस्त्याकडेच्या झुडपात सापडतात. पोरं जत्रेतून गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्लं आणतात, ती दोन महिन्यांत अडीच किलोची होऊन बसतात आणि मग 'तुमच्याकडे जागा आहे ना' म्हणून फोन येतो. आमच्याकडे या तिन्ही वाटांनी आलेल्या आहेत. त्यातल्या निम्म्याहून जास्त लंगडत किंवा सरपटत आल्या.

लंगडणं हा रोग नाही, नुसती खूण आहे, हे सुरुवातीलाच पक्कं करून घ्या. दुखणं तळव्यात असेल, सांध्यात असेल, हाडात असेल, नसेत असेल, नाहीतर पोटात असेल. बाहेरून पाचही सारखंच दिसतं: कोंबडी एक पाय उचलून उभी राहते किंवा बसते. म्हणून पायाला मलम चोळायच्या आधी पुरती कोंबडी बघायची.

ही कोंबडी काय सोसून आली आहे हेही माहीत हवं. तिची पूर्वज तांबडी रानकोंबडी वर्षाला दहा-पंधरा अंडी घालते. लेअर वर्षाला तीनशेच्या आसपास घालते. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम जातं. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो, म्हणजे ऐन तेव्हा पोटात खाद्य नसतं. मग शरीर पायांच्या हाडांतून कॅल्शियम ओढून घेतं. त्यात ए-फोर कागदाएवढीही जागा वाट्याला न येणारा पिंजरा. चालणं नाही, पंख पसरणं नाही. न वापरलेलं हाड कमजोर होतच जातं. अशी कोंबडी घाईने, एका पायाला धरून उचलली की पाय मोडू शकतो. कित्येकींच्या छातीच्या हाडाला आधीच तडे गेलेले असतात, बोटाने चाचपलं की मध्येच गाठ किंवा वाकडेपणा लागतो.

म्हणून उचलायचं ते दोन्ही हातांनी, पंख अंगालगत ठेवून, खालून पायांना आधार देऊन. छाती आवळायची नाही. माणसासारखं श्वासपटल तिला नसतं; छातीचा पिंजरा पुढे-मागे हलला तरच हवा आत जाते. घट्ट धरलेली कोंबडी गुदमरते, आणि उताणी टाकून तपासत बसलात तर आजारी कोंबडी हातातच जाऊ शकते.

पहिल्या दिवशी औषध देऊ नका. पाणी, सावली, कोरडी जागा आणि शांतता द्या. पिंजऱ्यातल्या कोंबड्यांना निपलचं पाणी प्यायची सवय असते. पसरट भांड्यातलं पाणी हे पाणीच आहे, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. भरल्या भांड्याशेजारी तहानेने मरायला टेकलेली कोंबडी मी पाहिली आहे. चोचीचं टोक हलकेच पाण्याला लावायचं, नाकपुड्या बुडवायच्या नाहीत. दोन-तीनदा केलं की कळतं तिला. चोच छाटलेली असते, त्यामुळे फरशीवर टाकलेले दाणे तिला टिपता येत नाहीत. खोलगट भांड्यात, चारेक बोटं भरेल इतकं लेअर मॅश ठेवा, आणि पहिले आठ-दहा दिवस तेच चालू द्या. प्रेमापोटी पहिल्याच संध्याकाळी दूध-भात, पोळी, पपई असं ताट वाढणारे लोक असतात. दुसऱ्या दिवशी तीच मंडळी हगवणीचं औषध विचारतात.

घरात आधीच कोंबड्या असतील तर नवीन आलेलीला किमान तीन-चार आठवडे पूर्ण वेगळं ठेवायचं. भांडी वेगळी, चपला वेगळ्या, आणि आधी घरच्यांचं करून मग हिच्याकडे जायचं. ही सोवळ्याओवळ्याची हौस नाही. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्लू सापडला. एकाच वेळी दोन-चार कोंबड्या पटापट मेल्या, तुरे निळे-जांभळे पडले, तोंड सुजलं, तर हात न लावता जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. तिथे आपली घरगुती सेवा थांबते.

तपासणी सुरू होते ती कोंबडी हातात घेण्याच्या आधीच. दहा मिनिटं लांब बसून नुसतं बघा. ती पाय टेकते आणि पटकन उचलते की टेकतच नाही? पावलाचा तळवा टेकते की बोटं दुमडून त्यांच्या पाठीवर चालते? दोन्ही पाय गळाले आहेत की एकच? शेपटी खाली झुकवून, पेंग्विनसारखी उभी राहते का? मान ताठ आहे ना? कोंबडी दुखणं लपवते, कारण कळपात दुखणं दाखवणारीला बाकीच्या टोचतात. आपण जवळ गेलो की ती अंगात असेल नसेल ते बळ गोळा करून चालून दाखवते आणि आपण खूश होऊन घरात जातो. खरी चाल लांबूनच दिसते.

मग हातात घ्या. तिचं अंग आपल्याला गरम लागेल; घाबरू नका, कोंबडीचं नेहमीचं तापमानच ४१ अंशांच्या वर असतं. दोन्ही पाय एकाच वेळी दोन हातांत धरून वरून खाली चाचपत या, म्हणजे एका बाजूची सूज किंवा जास्तीची ऊब लगेच कळते. ज्याला आपण कोंबडीचा गुडघा म्हणतो तो उलटा वाकणारा सांधा म्हणजे खरं तर तिचा घोटा. सूज बहुधा तिथे किंवा तळव्यात असते. पावलाच्या मध्यावर बोट दाबून बघा, बोटं आवळून धरते का. नाहीच आवळली तर भानगड नसेची किंवा पाठीच्या मणक्याची असण्याचा संभव जास्त. शेवटी वजन. स्वयंपाकघरातला काटा, त्यावर टोपली, टोपलीत कोंबडी. पांढरी लेअर दीड किलोच्या आसपास भरते. तिचं शंभर ग्रॅम कमी होणं हे आपलं चार-पाच किलो उतरण्यासारखं आहे. आठवड्याला एकदा वजन वहीत लिहायचं. डॉक्टर औषधही वजनावरच देतात, तेव्हा आकडा हाताशी असलेला बरा.

तळव्याचा फोड, ज्याला डॉक्टर बंबलफूट म्हणतात, तो पिंजऱ्याच्या तारेवर उभं राहून, खरबरीत फरशीवर, ओल्या जमिनीवर किंवा उंच दांडीवरून धपकन उतरून होतो. कातडीला बारीक चीर पडते आणि तिच्यातून जंतू, बहुधा स्टॅफिलोकोकस, आत शिरतो. वरून दिसते ती काळी खपली. आत पू असतो. पण माणसाच्या पुवासारखा तो वाहत नाही. पक्ष्याचा पू घट्ट, पनीरसारखा होतो, म्हणून 'फोड पिळून काढू' हा उद्योग फसतो आणि घाण आणखी आत जाते. खपली लहान आणि सूज बेताची असेल तर रोज कोमट मिठाच्या पाण्यात पाव तास पाय बुडवून ठेवा, कोरडा करा, पोव्हिडोन आयोडीन लावा, वर गॉझची छोटी गादी ठेवून बोटांमधून आठच्या आकड्यात पट्टी घ्या. पट्टी बांधल्यावर तासाभराने बोटं बघा: सुजली किंवा गार पडली असतील तर पट्टी आवळली आहे. सूज बोटांच्या मध्ये चढू लागली, पाय गरम झाला, कोंबडी खाईनाशी झाली तर डॉक्टर. यूट्यूबवर ब्लेडने फोड कापून दाखवणारे आहेत. तुम्ही कापू नका. त्या पायात नसा आणि स्नायूंच्या दोऱ्या कुठे आहेत हे आपल्याला माहीत नसतं, आणि भूल न देता कापणं हा नुसता छळ आहे.

हळद? किरकोळ ओरखड्यावर चालते. पण उघड्या, खोल जखमेत पूड कोंबली की वरून कोरडं दिसतं आणि आत कुजत राहतं.

पायावरचे खवले उचललेले, पांढरट, खडबडीत दिसत असतील तर ते खवल्यांखाली राहणारे किडे आहेत, डोळ्यांना न दिसणारे. आमच्याकडे गावात त्यावर रॉकेलमध्ये पाय बुडवायची पद्धत होती. किडे मरतात खरे, पण कातडीही भाजते. पाय साबणाच्या कोमट पाण्याने मऊ ब्रशने धुऊन खोबरेल किंवा व्हॅसलीन दाट चोपडायचं, दोन-तीन दिवसांनी पुन्हा, असं महिनाभर. हवा बंद झाली की किडे मरतात. खवले ओरबाडायचे नाहीत. रोग जुना असेल तर डॉक्टर आयव्हरमेक्टिन देतात. खुराड्याच्या लाकडाच्या फटीही रात्री बॅटरी घेऊन तपासा. गोचीड दिवसा फटीत असते आणि रात्री रक्त प्यायला बाहेर येते. तिच्या पिल्लावळीमुळेही कोंबडीचे पाय लुळे पडू शकतात.

हाडांच्या अशक्तपणावर आपल्याकडे हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे चुन्याची निवळी. तिच्यावर माझा राग नाही, पण हिशोब करून बघा: चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो, लिटरभर निवळीत एक ग्रॅमसुद्धा कॅल्शियम उतरत नाही. एका अंड्याला लागतं २ ग्रॅम. चमचाभर निवळीने काय होणार? त्यापेक्षा शिंपल्यांचा जाडसर चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, कोकणातल्यांना तर तो किनाऱ्यावर फुकट मिळतो. नाहीतर घरच्याच अंड्यांची कवचं तव्यावर भाजून, भरडून द्या. संध्याकाळी ही वाटी भरलेली हवी, कारण कवच रात्री चढतं. जाड तुकडे पोटात हळूहळू विरघळतात आणि रात्रभर पुरतात. कॅल्शियम अंगी लागायला ड-३ जीवनसत्त्व हवं आणि ड-३ साठी ऊन हवं, म्हणून सकाळचं कोवळं ऊन हे औषध समजून द्यायचं. जिची अंडी बंद झाली आहेत तिला मात्र कायम लेअर मॅश चारू नका. त्यात अंडी देणाऱ्या कोंबडीच्या मापाने कॅल्शियम घातलेलं असतं, साडेतीन-चार टक्के. न वापरलेलं कॅल्शियम मूत्रपिंडांवर ताण आणतं. कमी कॅल्शियमचं खाद्य आणि बाजूला शिंपल्यांची वाटी ठेवली की जिला हवं ती टिपून घेते.

लंगडण्याचं कारण पोटात असतं, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पायाकडे जाणारी मोठी नस मूत्रपिंडाच्या अगदी जवळून जाते. पोटात गाठ वाढली, अंडं अडकलं, पाणी साठलं की नस दाबली जाते आणि कोंबडी पाय ओढू लागते. पाय मात्र तपासला तर ठणठणीत. आमची ठमी अशीच दोन आठवडे पायाला पट्टी बांधून होती. पट्टी मीच बांधलेली, मोठ्या हौसेने. डॉक्टरांनी पायाकडे बघितलंही नाही, शिटेच्या जागेखाली पोटावर तळहात ठेवला आणि म्हणाले, "हे बघा, पाण्याचा फुगा." अंड्याचा बलक नळीत न जाता पोटात पडून सडला होता. सुईने पाणी काढलं, औषध दिलं. ठमी आणखी पाच महिने जगली. लेअर कोंबड्यांत हे दुखणं फार दिसतं, आणि पूर्ण बरं होणं दुर्मीळ.

अडकलेलं अंडं वेगळं. कोंबडी कुंथते, शेपटी वर-खाली हलते, उभी राहून पुन्हा बसते, खात नाही. कोमट पाण्याच्या टबात पोटापर्यंत वीसेक मिनिटं बसवा, पुसून, अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवा, पाणी द्या. काही तासांत अंडं आलं नाही तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्यावर ढकलू नका. बोटाने किंवा चिमट्याने आत अंडं फोडायचं नाही. कवचाची धार आतला भाग कापते. आणि एक फुकटची गोष्ट: खुराड्यातला रात्रीचा बल्ब काढून टाका. पोल्ट्रीत दिवसाला सोळा तास उजेड देतात तो अंडी चालू ठेवण्यासाठी. आपल्याला अंडी नकोत, कोंबडी हवी आहे. हिवाळ्यात दिवस लहान झाले आणि तिने अंडी थांबवली तर तेवढीच तिच्या हाडांना सुट्टी.

एक पाय पुढे, एक मागे अशी फाकून पडलेली तरुण कोंबडी दिसली तर मारेक नावाच्या विषाणूरोगाची शंका घ्यावी लागते. लस पिल्लू एक दिवसाचं असतानाच देतात. रोग झाल्यावर औषध नाही. मान पिळवटली, हिरवी शिट, तोंड उघडून श्वास, तर मानमोडी. राणीखेत म्हणतात तोच हा रोग, आणि तो झपाट्याने पसरतो. बोटं आत मुडपलेल्या लहान पिल्लाला मात्र आशा असते, बऱ्याचदा ब-२ जीवनसत्त्वाची कमतरता असते आणि वेळेवर मिळालं तर पाय सुधारतात.

आता जी उठू शकत नाही तिच्याबद्दल. खरा वेळ इथे जातो. कोंबडी एका जागी पडून राहिली की दुखण्याने मरायच्या आधी बसण्याने मरते. छातीवर घट्टे पडतात आणि ते फुटतात, घोट्यांना शिटेतल्या अमोनियाने भाजतं, मागची पिसं लडबडतात. अंथरूण चार बोटं जाडीचं आणि सुकं हवं. भाताचं तूस किंवा लाकडाचा जाडा भुसा, वर जुनी सुती साडी घडी करून. साडी दिवसातून तीनदा बदलायची. वर्तमानपत्र अंथरू नका, त्यावर पाय सटकतात आणि धड पायही फाकतात. पाणी आणि खाद्य बसल्या जागी चोचीच्या उंचीवर. सरकत जाऊन खाईल, ही अपेक्षा ठेवायची नाही.

पावसाळ्यात दिवसातून दोनदा शेपूट उचलून बघायलाच हवं. ओल्या, घाण पिसांवर माश्या अंडी घालतात आणि दुसऱ्या दिवशी अळ्या मांसात शिरलेल्या असतात. मी एकदा रविवारची सुट्टी घेतली आणि सोमवारी ते पाहिलं, सांगण्यासारखं नाही. अळ्या दिसल्या तर पिसं कापा, कोमट मिठाच्या पाण्याची धार मारून आणि चिमट्याने एकेक अळी काढा, पोव्हिडोन आयोडीनने धुवा आणि थेट दवाखाना. गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन घालतात तसं इथे घालू नका, फिनाइल तर नकोच. एवढ्याशा जिवाला ते विष आहे.

उभं करण्यासाठी झोळी. जुन्या सुती पिशवीला किंवा टॉवेलला दोन भोकं पायांसाठी, एक मागे शिट पडायला. प्लॅस्टिकचं स्टूल उलटं ठेवा, झोळीची चार टोकं त्याच्या चार पायांना बांधा, आणि कोंबडी अशा उंचीवर लटकवा की बोटं जमिनीला जेमतेम टेकतील. वजन झोळीवर, आणि पायांना जमिनीची आठवण. सुरुवातीला दहा मिनिटं, मग हळूहळू अर्धा तास, दिवसातून तीन-चारदा. समोर दाण्याची वाटी, म्हणजे ती खायला पुढे झुकते आणि पाय आपोआप दाबते. झोळीत टाकून बाजारात जायचं नाही. घाबरून फडफडली तर पंख मोडतो. ती बसलेली असताना पाय हातात घेऊन घोट्यापासून हळू वाकवायचा, सरळ करायचा, दहा-बारा वेळा. ओढायचा नाही, जिथे अडतो तिथे थांबायचं. लंगड्या माणसाला मालीश करतात तसं तेल लावून रगडणारे एक आजोबा आमच्याकडे यायचे. त्यांना हात जोडून सांगितलं, आजोबा, हिची हाडं पापडासारखी आहेत.

एकटं ठेवणंही वाईट. आजारी कोंबडीला कळपात सोडलं तर बाकीच्या टोचतात, आणि वेगळं बंद केलं तर ती खाणं सोडते. मधला मार्ग म्हणजे जाळी. जाळीच्या पलीकडे बाकीच्या दिसत राहतात, त्यांचा आवाज येतो, खायच्या वेळी चोची हलताना दिसतात. कळपातली एखादी गरीब स्वभावाची कोंबडी सोबतीला आत ठेवता आली तर उत्तमच.

उन्हाळ्याचं सांगायलाच हवं, विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना विशेषतः. कोंबडीला घाम येत नाही, ती तोंड उघडून धापा टाकून अंग गार करते. धड कोंबडी सावली सरकेल तशी सरकते. लंगडी आहे तिथेच भाजते. सकाळी नऊला जिथे सावली होती तिथे बाराला ऊन आहे का, हे आपण तिच्या जागी बसून बघायचं. गोणपाट भिजवून जाळीवर टाका, माठातलं पाणी द्या, पाय ओल्या फडक्याने पुसा.

अन्नाच्या पिशवीकडेही लक्ष असू द्या. मानेच्या खाली, छातीच्या उजव्या अंगाला ती असते. रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी, हा निरोगीपणाचा हिशोब. सकाळीही दगडासारखी घट्ट लागली तर आत लांब गवत, दोरा, प्लॅस्टिक अडकलं असेल. पाण्याच्या फुग्यासारखी आणि आंबूस वास येणारी असेल तर बुरशी. कोंबडी उलटी धरून ओकवण्याचा प्रकार काही जण करतात. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं. औषधही पाजायचं ते चोचीच्या कडेला एकेक थेंब, ती गिळेपर्यंत थांबत.

माणसांच्या गोळ्यांपासून लांब राहा. वेदना कमी करायला पक्ष्यांना बहुधा मेलॉक्सिकॅम देतात, पण तेही डॉक्टरांनी वजन बघून. डायक्लोफेनॅक तर नकोच. गिधाडं त्यामुळे संपत आली म्हणून जनावरांसाठीचं डायक्लोफेनॅक आपल्या देशात २००६ मध्ये बंद झालं, पण माणसांचं औषध दुकानात मिळतं आणि कुणीतरी 'अर्धी गोळी दे' सांगतोच. खाद्याच्या दुकानातून चिमूटभर मिळणाऱ्या अँटिबायोटिकच्या पुडीबद्दलही तेच. रोग कळल्याशिवाय ती घालणं म्हणजे अंधारात दगड मारणं, आणि औषध चालू असताना व नंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत.

डॉक्टर मिळवणं हीच खरी अडचण. पशुवैद्यकाचं कोंबड्यांचं शिक्षण शेडच्या हिशोबाने झालेलं असतं: हजारातल्या पाच मेल्या तर एक कापून बघा आणि उरलेल्यांना औषध द्या. एका कोंबडीचा एक्स-रे काढा म्हटलं की काही जण हसतात. हसू द्या, पण जा. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथे सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, त्यांच्या दवाखान्यांत जाता येतं; फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे. शहरात पोपट-लव्हबर्ड बघणारे डॉक्टर शोधा, त्यांना पक्ष्याचा एकेक जीव हाताळायची सवय असते. जाताना वजनाची वही, शिटेचा फोटो आणि लांबून काढलेला चालण्याचा व्हिडिओ न्या. दवाखान्याच्या टेबलावर कोंबडी चालत नाही.

ब्रॉयलरचं गणित सगळंच निराळं. साधारण सहा आठवड्यांत दोन-सव्वादोन किलो व्हावी म्हणून घडवलेली ही जात. मांस आधी वाढतं, हाड आणि हृदय मागे राहतं. तिला पुढ्यात सतत भरलेलं भांडं ठेवणं म्हणजे मायेने मारणं. दिवसातून दोनदा, मोजून. उरलेला वेळ पालेभाजी, काकडी. भांडं आणि पाणी एकमेकांपासून लांब ठेवा, म्हणजे तेवढं तरी चालणं होतं. आमचा बाजीराव नावाचा ब्रॉयलर कोंबडा या शिस्तीत दीड वर्ष काढून गेला, आणि शेवटपर्यंत मला बघितलं की उपाशी असल्याचं नाटक करत असे.

कधी थांबायचं, हेही ठरवावं लागतं. दोन-तीन दिवस अन्नपाणी बंद, डोळे मिटून, पिसं फुगवून बसणं, उचललं तरी विरोध नाही, आणि डॉक्टर म्हणतात की उपाय नाही, तेव्हा डॉक्टरांच्या हातून शांतपणे झोपवणं मला बरं वाटतं. 'आपोआप जाईल' म्हणून चार दिवस तडफडू देणं हे आपल्या मनाच्या सोयीसाठी असतं. मेलेली कोंबडी उघड्यावर टाकू नका; औषधं दिलेली असतात. हातभर खोल खड्डा, चुना, वर दगड, नाहीतर कुत्री उकरतात. आणि प्रत्येक वेळी हात साबणाने धुवायचे, मुलांचे तर नक्कीच. साल्मोनेला धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीच्या शिटेतही असतो.

त्या पहिल्या कोंबडीचं, पारूचं, तळव्याचं गळू भरायला अडीच महिने लागले. दांडीवर बसणं तिला ठाऊकच नव्हतं. मी दोन विटांवर चार बोटं रुंदीची फळी ठेवली, जमिनीपासून वीतभर. कितीतरी संध्याकाळी ती फळीखालीच जाऊन बसायची. मग एकदा रात्री नऊला मी नेहमीसारखी बॅटरी घेऊन पिशव्या चाचपायला गेले. पारू खाली सापडेना. उजेड वर केला तर फळीवर, टोकाशी, एक पाय पोटात घेऊन झोपलेली. मी घाबरून तो पाय बाहेर काढून बघितला. गार नव्हता, सुजलेला नव्हता. तिने डोळा उघडला, कुरकुरली, आणि पाय पुन्हा आत ओढून घेतला.